पाबळचं पपनस

आमच्या अख्ख्या गावात पपनसाचं झाड एकच होतं, आणि ते आंबट होतं. आंबट म्हणजे कैरीसारखं किंवा चिंचेसारखं नव्हे. त्या आंबटपणाला काही रीत असते, आपल्यावर काय आलंय ते जिभेला कळतं. आमच्या पपनसाचा आंबटपणा आधी दातांना कळायचा, मग कानामागं कुठंतरी कळ निघायची, आणि झालं बाई एकदाचं म्हणून माणूस जरा सैल झाला की पिशवी विसरून परत आलेल्या पाहुण्यासारखी मागून कडू चव यायची आणि मुक्कामच ठोकायची. तरीही वर्षातून एकदा घरातली अकरा माणसं गोल बसून ते खात होती. चेहऱ्यावरची रेघ न हलवता खात होती. कारण ते गौरीच्या फुलोऱ्यातून उतरवलेलं असायचं, आणि प्रसादाला नावं ठेवायची नाहीत, हा आबांचा नियम होता.

आबा म्हणजे माझे आजोबा. आमचं गाव कासुर्डी आणि भांडगावच्या मधल्या पट्ट्यातलं, हायवेपासून आत, कालव्याच्या पाण्यावरचं. ऊस, कांदा, थोडी बाजरी. कांदा कधी उपटायचा हे आबा नुसती पात चिमटीत धरून सांगत आणि आजूबाजूच्या चार गावांची माणसं त्यांना विचारायला येत. घरात आबांना सगळे आबाच म्हणत, सुनासुद्धा. म्हणजे सुनांनी म्हणायची वेळ आलीच तर. माझी आई त्यांच्यापुढं बोलत नसे. चहा झाला की ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मला सांगायची, “शोभे, आबांना म्हणावं चहा हाय.” आबा तिच्यापासून चार हातांवर बसलेले असायचे. मग मी वळून सांगायची, “आबा, चहा हाय.” आबा म्हणायचे, “तिला म्हणावं, आन.” अशी मी लहानपणी बराच काळ टेलिफोनची तार होते. पुढं आयुष्यात मला जी मधे पडायची खोड लागली आणि जिच्यावरून माझ्या घरचे माझी थट्टा करतात, तिचं मूळ हे असं आहे.

झाड आईनं आणलेलं. आई पाबळची, भीमेच्या पलीकडची, शिरूर तालुक्यातली. तिच्या रुखवतात लाडू-करंज्यांच्या ताटांशेजारी वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा होता आणि त्यात वीतभर उंचीचं काटेरी रोप होतं. आमच्याकडच्या बायकांनी ते लिंबाचं समजून नाकं मुरडली होती. आईच्या वडिलांच्या मळ्यात विहिरीकाठी पपनसाचं झाड होतं, त्याच्याच बीचं हे रोप. ते आमच्या गोठ्यामागं परसात लागलं, सहा-सात वर्षं नुसतं काट्यांनी आणि पानांनी वाढलं, आणि मग एका शिमग्याला असं फुललं की गोठ्याचा वास चार दिवस कुणाला आला नाही. पाबळचे आजोबा ते फूल बघायच्या आधीच वारले. त्यांच्यामागं आईचे भाऊ पोटासाठी पांगले, विहीर आटली, तिथलं झाडही वाळून गेलं. म्हणजे त्या वाणाचं जगात उरलेलं एकच झाड आमच्या गोठ्यामागं होतं, निदान आई तसं समजत होती.

पहिली फळं धरली तेव्हा आबांना फार अभिमान वाटला. नारळाएवढं, हिरवंगार, गुळगुळीत फळ, असलं काही गावात कुणाकडं नव्हतं. गणपतीच्या आधी यवतच्या बाजारात पपनसं यायची, फळांच्या वाट्यात ठेवायला लोक ती घ्यायचे. त्यामुळं पपनसाचा हंगाम म्हणजे गणपती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, जसं आंब्याचा म्हणजे उन्हाळा. आबांनी ठरवलं, आपल्या भावकीतल्या आणि गावातल्या मानाच्या एकोणीस घरांत गणपतीपुढं आपलंच पपनस गेलं पाहिजे. हरतालिकेच्या दिवशी सगळं झाड उतरवायचं, एकेक फळ पुसायचं, आबांनी धोतर-टोपी घालून स्वतः घरोघर द्यायचं, आणि उरलेलं सगळ्यात मोठं आमच्या गौरीच्या फुलोऱ्यात मधोमध टांगायचं. त्या एकोणीस घरांत कोण नव्हतं हे त्या वयात मला दिसलं नाही. आता दिसतं, म्हणून लिहून ठेवते. गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या बौद्धवस्तीत गणपती बसत नसे, त्यामुळं आमचं पपनस त्या अंगाला कधी गेलंच नाही.

गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी दुपारी आई पपनस सोलायला बसायची. माझ्या लहानपणातलं सगळ्यात देखणं काम कुठलं असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगीन, फळ कसं का असेना. ती विळी घ्यायची नाही, बोथट सुरी घ्यायची. वरची टोपी उडवायची आणि देठापासून बुडापर्यंत सहा रेघा ओढायच्या, सालीतच, आत धक्का लागू न देता. रेघ ओढताना सालीतून बारीक फवारा उडायचा. आम्ही पोरं मुद्दाम तोंड पुढं करायचो आणि डोळे चोळत बसायचो. मग आई अंगठा आत घालायची आणि साल कापड फाटावं तसा आवाज करत सुटायची. बोटभर जाड, पांढरी, गादीसारखी साल. तिच्या आत निम्म्या आकाराचं फळ, जणू कुणीतरी गोधडीत गुंडाळून ठेवलेलं. त्याच्या पाकळ्या सुट्या करायच्या, प्रत्येक पाकळीचा पाठीवरचा चिवट पापुद्रा नखानं उचलून उलटा सोलायचा, की आतला गर न तुटता मोकळा व्हायचा. हे सगळं स्टीलच्या परातीत. पहिल्या वर्षी मोठ्याईनं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतीनं, पितळी परात दिली होती. अर्ध्या तासात सगळं कळकलं आणि परात मात्र नव्यासारखी लखलखली. तेव्हापासून मोठ्याईनं एक वाक्य पाठ केलं, “पाबळचं झाड देव घासायला झ्याक हाय.”

त्या फिकट, पाणचट हिरव्या गरावर मग उपाय सुरू व्हायचे. मूठभर साखर. मीठ. तिखट. भाजलेल्या जिऱ्याची पूड. पुन्हा साखर. एका वर्षी मोठ्याईनं गूळ किसून घातला, एका वर्षी आईनं कुणाचं तरी ऐकून पाकळ्या तासभर मिठाच्या पाण्यात बुडवल्या. काही उपयोग झाला नाही. साखर गोड लागायची, मीठ खारट लागायचं आणि पपनस आपल्या जागी पपनस राहायचं. आम्ही गोल बसायचो. आबा पहिली फोड घ्यायचे, डोळे मिटायचे. ते भक्तीनं मिटतात असं मला फार दिवस वाटत असे. मग एकेकानं घ्यायचं, गिळायचं आणि डोक्याला हात लावून नमस्कार करायचा. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, दौंडला रेल्वेत होते. पपनसाच्या दिवशी त्यांची न चुकता जादा ड्यूटी लागायची. ज्या वर्षी अधिक महिना यायचा आणि गणपती उशिरा बसायचे, त्या वर्षी फळ थोडं बरं लागायचं. आबा म्हणायचे, अधिकात दानधर्म केला त्याचं हे फळ. आम्हीही माना डोलवायचो. अकरा माणसांच्या डोक्यात, त्यातल्या एकाला तर कांद्याच्या पातीवरून पाताळातलं कळत होतं, त्याहून वेगळा विचार आला नाही.

आईचं म्हणणं एकच होतं, तेही दाराआडून, माझ्यामार्फत. “माझ्या माहेरी हेच फळ गोड लागायचं.” ती सांगायची की दिवाळीत तिचे वडील माळ्यावर चढायचे, भुसकटात ठेवलेली पपनसं खाली काढायचे आणि ओट्यावर बसून सोलायचे, आत गुलाबी गर, आणि त्याला मीठसुद्धा लावायला लागत नसे. तिनं झाड पाहिलं होतं ते लांबून. मळा घरापासून लांब, पोरींना तिकडं पाठवत नसत. फळ तिला भेटायचं ते माळ्यावरच. त्यामुळं तिची खात्री होती की गोडी ठेवणीनं येते. दर वर्षी ती आबांच्या वाटपातून हट्टानं दोन फळं मागून घ्यायची आणि बाजरीच्या कणगीत पुरून ठेवायची. दिवाळीला काढायची तेव्हा ती सुरकुतलेली, हलकी झालेली असायची. आई एकटीच परसात जाऊन फोड तोंडात घालायची आणि तशीच परत यायची. मोठ्याई चुलीपाशी बसून म्हणायची, “झालं का गोड? का आता कणगी बी साखरेची करायची?” एकदा म्हणाली, “तुझ्या बापानं माळ्यावर नेऊन साखर टोचली आसंल गं, तुला काय ठाव.” आई त्यावर हसली नाही, रडली नाही. ती भाकरी थापत राहिली, पण त्या दिवशी तिची भाकरी फुगली नाही, हे मला आठवतं. मेलेल्या बापाला कुणी खोटं पाडलं तर काय करायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मी तेरा वर्षांची झाले त्या वर्षी आबांनी गोबरगॅस घ्यायचं ठरवलं. तेव्हा सगळ्यांकडं व्हायला लागले होते. टाकीचा खड्डा गोठ्याजवळ हवा, उन्हात हवा, आणि गोठ्याजवळच्या उन्हाच्या जागी पपनस उभं. आबा जेवताना म्हणाले, “दिवाळी झाली की झाड काढायचं. आठ वरसं बघितली वाट. तिला इच्यार गं शोभे, तिचं काय म्हननं हाय.” मी वळले. आई दारात होती. मला वाटलं ती आता काहीतरी बोलेल, निदान पदर तोंडाला लावेल. ती म्हणाली, “आबांना म्हणावं, काढा.” आणि ताट उचलून आत गेली. रात्री माझे केस विंचरताना ती आपल्याशीच म्हणाल्यासारखं म्हणाली, “मलाच नीट आठवत नसंल गं. ल्हान हुते. ल्हानपनी सगळंच गोड लागतं.”

आणि आता माझी कर्तबगारी. झाड उतरवायचं काम माझ्याकडं असायचं, कारण मी हलकी होते. हे वाचून माझ्या मुली हसतील. आज मी स्टुलावर चढले तरी दोघीजणी स्टूल धरतात आणि तिसरीनं मला धरावं अशी त्यांची इच्छा असते. पण तेव्हा मी भावाची खाकी चड्डी फ्रॉकखाली चढवून त्या काट्यांतून खारीसारखी जात असे. त्या वर्षी हरतालिकेला मी फळं तोडून खाली टाकत होते, आबा आणि आण्णा पोतं धरून झेलत होते. शेंड्याजवळ तीन फळं होती, अगदी एकमेकांना टेकून. हात लांबवला तर त्यांच्यामागं गांधीलमाश्यांचं पोळं. तळहाताएवढं, आणि त्यावर त्या पिवळ्या बायका कंबर हलवत बसलेल्या. आबांनी खालून विचारलं, “वर हाय का काय आनखी?”

मी म्हणाले, “न्हाई आबा. सपली.”

खाली मोजली तर एकोणीस भरली. म्हणजे एकोणीस घरांना एकोणीस, आणि आमच्या गौरीला काही नाही. आबा बराच वेळ झाडाकडं बघत राहिले, माझ्या काळजात पोळं हलत राहिलं. आबांनी घरोघरचा मान मोडला नाही. फुलोऱ्यात पपनसाच्या जागी मोठ्याईनं नारळ टांगला, आणि ती म्हणाली, “झाडाला बी कळलंय, आपुन जानार म्हनून.” माझी मात्र पुढच्या दोन महिन्यांत झोप गेली. सहामाहीत गणितात नापास झाले ते गौरीमुळं. म्हैस आटली ती गौरीमुळं. आण्णांची सायकल पंक्चर झाली तेव्हा तर मी देवघरासमोर जाऊन स्पष्टच म्हणाले की आता पुरे, त्यांचा यात काही संबंध नाही.

भाऊबीज झाली आणि दोन दिवसांनी सकाळी भिवा मामा कुऱ्हाड-करवत घेऊन आले. भिवा मामा आण्णांबरोबर रेल्वेत होते, बौद्धवस्तीत राहायचे. सुट्टीच्या दिवशी झाडं छाटायची कामं करायचे आणि त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांचं म्हणणं, झाड एकदम आडवं केलं तर गोठ्याचे पत्रे जातील. आधी वरून फांद्या उतरवू. ते चढले. आई त्या दिवशी मुद्दाम घरातली सगळी भांडी घासायला घेऊन पुढच्या अंगणात बसली होती. मी गोठ्याच्या खांबाला धरून उभी होते. वर पानं सळसळली आणि भिवा मामांचा आवाज आला, “आबा, हितं तीन फळं हायती की! ल्हान न्हाईत, चांगली डोक्याएवढी!”

आबांनी वर बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

“गांधीलमाश्या हुत्या,” मी म्हणाले, आणि पुढचं काही म्हणायच्या आत रडायला लागले.

“आता न्हाईत,” वरून भिवा मामा म्हणाले. “रिकामं पोळं हाय नुस्तं. झेला.” आबांनी धोतराचा सोगा पसरला आणि तीन फळं एकामागून एक त्यात पडली. मी रडता रडता थांबले. ती आमची पपनसं नव्हती. आमची हिरवी असायची. ही पिवळी होती, पिकल्या लिंबासारखी पिवळी, आणि एवढी जड की सोगा आबांच्या हातातून सुटला. आणि वास. परसात उभ्या असलेल्या प्रत्येकानं एकदम मान वर केली. मोठ्याई चुलीवरचं दूध सोडून बाहेर आली, यावरून काय ते समजा. म्हणाली, “गवरीचा वाटा हाय ह्यो. तिच्याम्होरं ठेवल्याबगर खायाचा न्हाई, आन् टाकायचा बी न्हाई.” आबांना ते पटलं. एक फळ देवापुढं ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं, आणि आबांनी मला सांगितलं, “आईला म्हनावं, सोल.”

आई हात पुसत आली. तिनं फळ उचललं आणि ओट्यावर ठेवण्याआधी एकदा दोन्ही हातांत तोललं. टोपी उडवली. रेघा ओढल्या. अंगठा आत गेला आणि साल सुटायला लागली, तेव्हा पांढऱ्या गादीच्या आतल्या बाजूला गुलाबी झाक दिसली. आईचा हात थांबला. परत चालला. पहिल्या पाकळीचा पापुद्रा तिनं उलटा ओढला. मी आजवर लाल डाळिंब फोडलेलं बघितलंय, अंजीर बघितलंय, माझ्या मुली जन्मल्यावर पहिल्यांदा त्यांचे तळवे बघितलेत. त्या गराचा रंग मी त्यांच्याच ओळीत ठेवते. ओले, लांबट, गुलाबी दाणे, एकमेकांना चिकटून उभे, प्रत्येकात उजेड. सकाळचं ऊन ओट्यावर तिरकं येत होतं आणि पाकळीच्या आरपार जात होतं. परात मधे ठेवली. साखरेचा डबा कुणी आणला नाही. का आणला नाही, कुणास ठाऊक. आम्ही गोल बसलो. भिवा मामांनाही आबांनी बसवलं.

आबांनी फोड घेतली, डोळे मिटले, तोंड नेहमीसारखं घट्ट केलं. आम्हीही तयार होतो. आठ वर्षांच्या सवयीनं प्रत्येकानं आपापला चेहरा आधीच आवळून ठेवला होता. फोड तोंडात गेली आणि त्या आवळलेल्या चेहऱ्याचं काय करायचं ते कुणालाच कळेना. दाणे दातांखाली फुटत होते, एकेक सुटा, थंड रस, आणि तो गोड होता. नुसता गोड नाही. त्यात कुठंतरी लांब आंबटपणाची आठवण होती, तेवढीच. कडू यायची वाट बघत आम्ही बसलो. आलं नाही. आणि प्रसादाला नावं ठेवायची नाहीत हा नियम अंगात एवढा मुरलेला की बरं म्हणायचं की नाही हेही कुणाला सुचेना. सगळ्यांना वाटत होतं की आपल्यालाच गोड लागतंय. मग आबांनी डोळे उघडले, आणि त्यांचा हात परातीकडं गेला. त्या परातीतून दुसरी फोड उचलणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

मोठ्याई म्हणाली, “मला मीठ बी लागलं न्हाई.”

आबा म्हणाले, “तिला दे.” सोलून झाल्यावर आई नेहमीसारखी दारात जाऊन उभी राहिली होती. मी फोड नेऊन दिली. तिनं ती खाल्ली, अगदी सावकाश, आणि मला वाटलं आता ती सगळ्यांना ऐकवील. आठ वर्षांचं सगळं, साखर टोचल्याचंसुद्धा. ती म्हणाली, “आसंच.” थोड्या वेळानं परत म्हणाली, “आसंच लागायचं.” आणि मग तिनं पदर तोंडाला लावला.

“मग कनगीतलं का न्हाई लागलं गोड?” आबांनी विचारलं. मला नाही, सरळ तिला. उत्तर भिवा मामांनी दिलं, बोटं चाटत, “आवो आबा, तुम्ही गनपतीला तोडता. तवा ते कच्चं आसतं. कच्चं फळ कनगीत ठिवून वाळतं, पिकत न्हाई. हे दोन म्हैनं जास्ती झाडावर ऱ्हायलं, म्हून पिकलं.”

“मग तू इतकी वरसं बोलला का न्हाईस?”

“मला काय ठाव तुमचं आंबट हाय? आमच्याकडं गनपती न्हाई. तुमचं फळ आमच्याकडं कवा आलंय?”

आबा खाली मान घालून परातीतला रस बोटानं पुसत बसले. मला वाटतं, माणूस एकाच सकाळी दोनदा शरमला तर असाच बसत असेल. भिवा मामांनी विचारलं, “झाडाचं काय करायचं?” आबा म्हणाले, “कुऱ्हाड घरी घिऊन जा. आन् एक फळ बी.” गोबरगॅसचा खड्डा मग गोठ्याच्या दुसऱ्या बाजूला, सावलीत काढला. त्याचा गॅस आयुष्यभर मिणमिणता राहिला आणि मोठ्याईनं त्याचा दोष शेवटपर्यंत पाबळला दिला.

खरी शोभा पुढच्या वर्षी झाली. हरतालिकेला आबा धोतर-टोपी घालून निघाले, रिकाम्या हातानं. घरोघर जाऊन सांगायचं होतं, यंदा पपनस न्हाई, दिवाळीला देतो, इतकी वरसं आमच्याकडनं कच्चं आलं, माफी आसावी. मला बरोबर घेतलं. का, ते तेव्हा कळलं नाही, बहुतेक एकटं जाववत नव्हतं. पहिल्याच घरी म्हातारे आप्पा म्हणाले, “आंबट हुतं व्हय? आमच्या ध्यानात न्हाई आलं.” आणि आतून त्यांची सून खळकन हसली. दुसऱ्या घरी कबूल केलं की ते म्हशीला घालत, आणि पहिल्या वर्षानंतर म्हैसही घेत नव्हती. तिसऱ्या घरी आमच्या पपनसानं समया घासत. एकोणीस घरांत एकोणीस तऱ्हा, पण एकाही माणसानं आठ वर्षांत आबांना सांगितलं नव्हतं. दर वर्षी सगळे म्हणायचे, “आबा, लई ग्वाड हुतं.” परतताना आबा ओढ्याच्या पुलावर बसले आणि एकदम हसायला लागले, टोपी काढून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग टोपी परत डोक्यावर ठेवली. म्हणाले, “शोभे, घरात एकच मानूस खरं बोलत हुतं. आन् तिला आपुन दाराआड ठिवलं.”

घरी आल्यावर त्यांनी आईला बाहेर बोलावलं. माझ्यामार्फत नाही. “सूनबाई, ह्या झाडाचं तू सांगशील तवा. मला त्यातलं कळत न्हाई.” कांद्याची पात चिमटीत धरून पाताळातलं सांगणारा माणूस हे म्हणत होता. मी आईच्या तोंडाकडं बघितलं, पण पदर पुढं ओढलेला होता.

कोजागरी झाली. आबा रोज सकाळी दात घासून परसात जायचे, झाडाखाली उभे राहायचे आणि तिथूनच आवाज द्यायचे, “सूनबाई, आज?” आई स्वयंपाकघराच्या मागच्या दारात यायची. वर बघायची, वारा किती आहे, पानं कशी आहेत, फळाचा कुठला गाल उन्हाकडं आहे, सगळं बघायची. मग म्हणायची, “न्हाई आबा.” आबा मान हलवून परत यायचे. दुसऱ्या दिवशी परत, “आज?” “न्हाई आबा. आजून न्हाई.” दिवाळी आली. एकोणीस घरांची माणसं निमित्त काढून डोकवायला लागली, भिवा मामा ड्यूटीवरून येताना विचारून जायचे. फळं पिवळी झाली, वास गोठ्यापर्यंत आला, मोठ्याईसुद्धा कळवळून म्हणाली, “आगं बया, म्हन की आता व्हय!” आई म्हणायची, “न्हाई.” माझी शाळा सुरू झाली तरी रोज सकाळी मी दप्तर अडकवून तेवढं ऐकायला थांबत असे. आमच्या घरात आबांना ‘न्हाई’ म्हणणारं माणूस मी तोपर्यंत बघितलं नव्हतं. आण्णा रेल्वेत असून कधी म्हणाले नव्हते. आणि आबा ते ऐकून घेऊन, दुसऱ्या दिवशी परत विचारायला येत होते.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी ती ‘व्हय’ म्हणाली. फळं कशी होती ते आता पुन्हा सांगत नाही.

आई आता ऐंशीच्या घरात आहे, शिरूरला माझ्याकडं असते. मागच्या दिवाळीत मी पपनस सोलत होते, म्हणजे मी त्याचा चिखल करत होते आणि ती बघत होती. मी तिला विचारलं, झाडावर असताना नेमकं पिकलं हे कशावरून ओळखायचं ते आता तरी सांग. तिनं सांगितलं. साल कशी तेलकट होते, देठाजवळ खळी कशी पडते, हातात कसं जड लागतं. मी ऐकत होते, आणि मधेच मला कोजागरीपासूनच्या त्या सकाळी आठवल्या. म्हटलं, “पण मग ह्या खुणा तर त्या वर्षी दिवाळीलाच दिसत असतील की गं. तू तुळशीच्या लग्नापर्यंत कशाला थांबवलंस?”

आई माझ्या हातातली सुरी घेत म्हणाली, “बारा दिवस आधीच पिकली हुती.”

आणि राहिलेलं पपनस तिनं सोललं.